जनूभाऊंचं अर्धं पान

‘काय खाल्लं?’ हा प्रश्न मी नोकरीची सगळी वर्षं विचारत आले, आणि त्याला खरं उत्तर फार थोड्यांनी दिलं. लोक खोटं बोलतात असं नाही. समोर आहारतज्ज्ञ बाई बसली आहे म्हटल्यावर तिला आवडेल असं ताट ते आठवून सांगतात. पोळी, भाजी, वरण, थोडा भात, रात्री कपभर दूध. मधल्या चहात बुडवलेली बिस्किटं, देवळातला पेढा, शेजारच्या बाळाच्या बारशाचा लाडू, हे त्यांच्या लेखी खाणं नसतंच. म्हणून पुढे मी प्रश्नच बदलला. ‘तोंडात काय टाकलं?’ असं विचारू लागले. हा बदल मला एका घराने शिकवला. त्या घरातले जनूभाऊ यंदा चैत्रात गेले. दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहा असं मला याआधीही कुणी कुणी सुचवलं होतं आणि मी ते टाळलं होतं. या वर्षी टाळवेना. मला भराभर लिहिता येत नाही. एक वाक्य झालं की मी खिडकीशी जाऊन येते. तरी त्यांच्याबद्दल लिहायचं तर माझ्या कामाबद्दल लिहावंच लागणार, म्हणून तिथून सुरुवात करते.

माणिकपूरच्या एका रुग्णालयात मी होते. तळमजल्यावर, किमोच्या खोलीला लागून, एक टेबल, दोन खुर्च्या, एक वजनकाटा आणि माझ्या खणात कायम एखादं पुस्तक. रुग्ण नसला की मी वाचत बसे. कर्करोगाच्या रुग्णांना काय आणि कसं खायला द्यायचं हे सांगणं माझं काम. त्यातही पोटाच्या कर्करोगाचे रुग्ण हळूहळू माझ्या वाट्याला जास्त आले, कारण त्यांचं खाणं सगळ्यांत अवघड.

हा आजार आपल्याकडे ‘पित्त’ या नावाने घरात येतो. दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं, ढेकर येतात, कपडे सैल होतात. माणूस मेडिकलमधून गोळी आणतो, शेजारी थंड दूध सुचवतात, कुणी कोकम. त्यात महिने जातात. मग एक दिवस काळी शी होते किंवा उलटी थांबत नाही, तेव्हा दुर्बीण घालून बघतात आणि तुकडा तपासायला जातो. आजार अगदी वरच्या थरात असेल तर दुर्बिणीतूनच तेवढा भाग सोलून काढता येतो. पण इतक्या लवकर आलेले रुग्ण मला फारच थोडे भेटले. खोल गेलेला असला पण लांब पसरलेला नसला, तर सहसा आधी थोड्या किमो, मग ऑपरेशन, मग उरलेल्या किमो. ‘आधीच कापून का टाकत नाही?’ असं प्रत्येक घर विचारतं. गाठ आक्रसावी, आणि न दिसणाऱ्या पेशी इकडेतिकडे निसटल्या असतील तर त्यांनाही औषधाने गाठावं, असा त्यामागचा विचार. लांब पसरला असेल तर कापून काही साधत नाही. मग त्या तुकड्यावर आणखी तपासण्या करून लागू पडेल असं औषध शोधायचं, आजार धरून ठेवायचा आणि माणसाचे दिवस बरे जातील असं बघायचं. अन्नाची वाटच बुजली असेल तर जाळीची नळी बसवून ती मोकळी करतात.

हे सगळं डॉक्टरांचं. माझ्याकडे उरतं ते वजन. वजन उतरत गेलं की किमो झेपत नाही, आणि डॉक्टरांना ती पुढे ढकलावी लागते किंवा थांबवावी लागते. म्हणजे औषध आहे, डॉक्टर आहेत, आणि घास उतरत नाही म्हणून सगळं अडून बसलं आहे, असं होतं.

यात गमतीही होत. तुळिंजचे एक दुकानदार बायकोसाठी प्रोटीन पावडरचे डबे नेत. डबे झपाट्याने संपत आणि बाईंचं वजन हलत नसे. एकदा त्यांचा मुलगा सोबत आला. दंड शर्टात मावत नव्हते. मी म्हटलं, ‘जरा काट्यावर उभा राहा रे.’ त्याने वडिलांकडे बघितलं, वडिलांनी छताकडे. पावडर कुठे जात होती ते त्या दिवशी उलगडलं.

आणि गंमत नसलेलेही दिवस होते. मनवेलपाड्याच्या एका आजींचा आजार सगळीकडे पसरला होता. त्यांची सून वाटी-चमचा घेऊन दिवसभर उशाशी बसे. आजी ओठ मिटून घेत. सून मला म्हणाली, ‘तुम्ही सांगा ना त्यांना, तुमचं ऐकतील.’ मी तिला बाहेर नेलं आणि सांगितलं, आता त्यांना भूक लागत नाही, त्याचा त्यांना त्रासही नाही. ओठ ओले ठेव, मागतील ते चाटव, हात धरून बस. ती म्हणाली, ‘मग मी करू काय?’  आजी आणखी सहा महिने आधी आल्या असत्या तर, हा विचार मी अशा प्रत्येक वेळी केला. त्याने कुणाचंच काही बरं झालं नाही.

आता जनूभाऊ.

वसईच्या पश्चिमेला बागायतीचं एक गाव आहे. केळी, पानवेली, सोनचाफा, पावसात थोडा भात. तिथे त्यांची वाडी. माणूस उंच, आवाज मोठा. गावातल्या लग्नांत वाढायला सगळे गाववालेच उभे राहत, आणि त्या वाढणाऱ्यांचे जनूभाऊ म्होरके. त्यांच्या आग्रहाची ख्याती होती. पानावर आडवा हात धरला तर ते बोटांच्या फटीतून वाढत. एका व्याह्यांनी नको नको म्हणत पान उचलून छातीशी धरलं, तर जनूभाऊंनी त्यांच्या मांडीवर दुसरं पान ठेवलं, असं गावात सांगतात. हे मला त्यांचे धाकटे भाऊ पद्माकर यांनी सांगितलं. ते बँकेत होते आणि दवाखान्याच्या सगळ्या खेपा तेच करत.

ऑपरेशनच्या आधीच्या किमो जनूभाऊंनी रेटून काढल्या. मग सर्जननी सांगितलं, गाठ अशा जागी आहे की जठर पूर्ण काढावं लागेल. अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडू. मी तिथेच होते. जनूभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मंग जेवन जाईल कुठं?’

‘थेट आतड्यात.’

‘थांबनार कुठंच नाय?’

‘नाही.’

ते माझ्याकडे वळले. ‘बाई, म्हंजे माजी पंगत उठली म्हनायची.’

ऑपरेशन चांगलं झालं. जोड नीट बसला. सुरुवातीला आतड्यात घातलेल्या नळीतून पातळ आहार थेंब थेंब, मग तोंडाने पाणी, मग पेज. घरी जाताना मी त्यांना आणि त्यांच्या पत्नी सुमतीवहिनींना समोर बसवून सगळं समजावलं. दिवसातून सहा वेळा खायचं, दर वेळी थोडं. भरपूर चावायचं. जेवताना पाणी प्यायचं नाही, अर्ध्या तासाने प्यायचं. अंडं, मासळी, डाळ आधी. गोड अजिबात नको. वहिनी प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. मी विचारलं, ‘कळलं ना?’ त्या म्हणाल्या, ‘कळलं. पोटभर वाढायचं नाय.’ मला वाटलं, झालं.

उरलेल्या किमो सुरू व्हायच्या होत्या, आणि डॉक्टरांनी अट घातली होती. वजन आहे तिथे तरी टिकलं पाहिजे. आणखी उतरलं तर देता येणार नाही. गाठ काढली असली तरी या उरलेल्या किमो महत्त्वाच्या होत्या. जनूभाऊंना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून असेल, वजनाच्या दिवशी ते काट्यावर चढले तेव्हा मला त्यांची विजार एका बाजूला लोंबताना दिसली.

‘खिशात काय आहे?’

‘काय नाय.’

‘जनूभाऊ.’

त्यांनी खिशातून एक पितळी कुलूप काढून माझ्या टेबलावर ठेवलं. नारळाएवढं नाही, पण जवळपास.

‘कशाचं हे?’

‘वाडीच्या फाटकाचं.’

‘मग वाडी?’

‘उगडीच हाय,’ ते म्हणाले आणि हसले. त्या आजारात मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. कुलपाशिवाय वजन उतरलेलं होतं. डॉक्टरांनी किमो पुढे ढकलली आणि थोडी मुदत दिली.

त्याच मुदतीत एके सकाळी पद्माकरभाऊंचा फोन आला. दादाला दरदरून घाम फुटला, छाती धडधडायला लागली, पोटात मुरडा आला, डोळ्यांपुढे अंधारी आली. आडवं केल्यावर अर्ध्या तासाने बरं वाटलं. आदल्या दिवशीही असंच झालं होतं, त्याच्या आदल्या दिवशीही. तातडीच्या विभागात आणून तपासलं. हृदय ठीक, रक्त ठीक. पण घराने आपला निष्कर्ष काढला होता. ‘मॅडम, ते परत आलंय. आणि दादा म्हणतोय, आता किमो नको, काहीच नको. घरातल्या सगळ्यांचंही तेच मत पडलंय. आता त्याला त्रास द्यायचा नाही.’

‘त्याआधी काय खाल्लं होतं?’ मी विचारलं.

‘काही नाही. सकाळी उठल्याउठल्याच होतं हे. चहासुद्धा घेतलेला नसतो.’

हे मला बुचकळ्यात टाकणारं होतं. जठर काढलेल्या माणसाला असा घाम आणि धडधड सहसा खाल्ल्यावर होते. गोड पदार्थ एकदम आतड्यात उतरला की अंगातलं पाणी तिकडे धावतं आणि माणूस गळून जातो. पण काही न खाता? मी सर्जनशी बोलले. ते म्हणाले, ‘तुम्ही एकदा घरी जाऊन बघता का?’ आमच्या कामात घरी जायची पद्धत नव्हती. मी रिक्षा केली आणि गेले.

जनूभाऊ ओटीवर खाटेवर पडले होते. मला बघून उठायला लागले; मी बसवलं. पद्माकरभाऊ दारात उभे. एक म्हाताऱ्या आत्या कोपऱ्यात माळ ओढत होत्या.

‘बाई, तुमी कशाला तरास घेतला,’ जनूभाऊ म्हणाले. ‘मला कळलंय सगलं. किती दिस पान मांडून बसायचं? जो माणूस जेवू शकत नाय त्यानं पंगतीत जागा अडवू नये.’

‘असं बोलू नये रे,’ आत्या म्हणाल्या.

‘का नाय बोलू? आत्ये, तुझ्याएवढं तरी जेवतो का मी?’

‘माझ्याएवढं तू कधीच जेवला नाहीस. तू माझ्या चौपट जेवायचास.’

मी पुन्हा सगळं विचारायला घेतलं. सकाळी किती वाजता उठतात, पाणी किती पितात, रात्री शेवटचं काय घेतात. सगळी उत्तरं बरोबर होती. वहिनी माझ्या सगळ्या सूचना पाळत होत्या. मला काही सापडेना. मी उठायच्या बेतात होते, तेवढ्यात वहिनींनी माझ्यासमोर एक ताटली आणि पाण्याचा पेला ठेवला. पाहुणा नुसत्या पाण्यावर जाऊ द्यायचा नाही, ही तिथली रीत. ताटलीत सुकेळी होती.

सुकेळी ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. राजेळी जातीचं केळं पूर्ण पिकवून, सोलून, कडक उन्हात दिवसेंदिवस वाळवतात. संध्याकाळी गोळा करायचं, सकाळी पुन्हा मांडायचं. ते आक्रसतं, मधासारख्या रंगाचं होतं, आणि सगळा गोडवा बोटभर लांबीत गोळा होतो. मग केळीच्याच खोडाच्या वाळक्या सालीत, सोपटात, बांधून ठेवतात. आता हे करणारी घरं फार थोडी उरली आहेत. जनूभाऊंचं त्यातलं एक.

‘घ्या बाई,’ वहिनी म्हणाल्या. ‘ताकदीची वस्तू हाय. यांनाबी रोज सकाली तीन देते.’

मी पेला खाली ठेवला. ‘रोज तीन? कधी?’

‘उठल्या उठल्या. अनशापोटी. बाळंतिनीला देतात, आजाऱ्याला देतात. तवाच तर अंगात ताकद येते.’

‘वहिनी, मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात सकाळी काही खात नाहीत.’

त्यांनी माझ्याकडे खरोखरच न कळून बघितलं. ‘खातात कुठं? नुसती चघळतात.’

पद्माकरभाऊ दारातून आत आले. ‘वहिनी, अगं, मॅडमनी गोड नको सांगितलं होतं ना?’

‘साखर घातलीच नाय मी कशात! एक दानाही नाय. चहाबी बिनसाखरेचा देते. ही काय गोड हाय? ही तर केळी हाय. आपल्या वाडीतली.’

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नवऱ्याला बळ यावं म्हणून घरातली सगळ्यात मोलाची वस्तू त्या रोज त्याच्या हातात देत होत्या.  मी जनूभाऊंकडे वळले.

‘तुमच्या वाडीत पाणी कसं देता?’

‘कसं म्हंजे? पंपाचं पानी कुंडीत, कुंडीतनं पाटात, पाटातनं वाफ्यात.’

‘कुंडी कशाला मधे?’

‘वा! पंपाचा लोट थेट वाफ्यावर सोडला तर माती धुऊन जाईल, रोपं उघडी पडतील. कुंडीत दम घेतं पानी, मंग लागेल तेवडं सोडायचं...’ ते थांबले. माझ्याकडे बघत राहिले. मग स्वतःच्या पोटावरच्या टाक्यांवर हात ठेवला. ‘कुंडी फोडली व्हय माजी.’

‘हो.’

‘आनि हिनं पंप चालू ठेवला.’

‘रोज सकाळी. तीन सुकेळ्यांचा.’

ते एवढ्या मोठ्याने हसले की टाके दुखले आणि दोन्ही हातांनी पोट धरून बसले. आत्यांनी माळ खाली ठेवली. वहिनी आधी गोंधळल्या, मग पदर तोंडाशी नेऊन त्याही रडत रडत हसल्या. ‘मंग ते परत आलेलं नाय?’ त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, खात्री तपासण्यांनीच होईल, पण मला तसं वाटत नाही. उद्यापासून सकाळी सुकेळी नको. त्याऐवजी एक उकडलेलं अंडं आणि अर्धी भाकरी, सावकाश, आणि पाणी मागाहून. दोन-तीन दिवस बघू या.

घाम थांबला. तपासण्या ठीक आल्या. पण तेवढ्याने वजन वाढणार नव्हतं. खरा अडसर दुसराच होता, आणि तो हळूहळू माझ्या लक्षात आला. पान मांडलं की ते पूर्ण संपवायचं, नाहीतर अन्नाचा अपमान, असं मानणारा हा माणूस होता. चार घास खाऊन उठायची त्यांना लाज वाटे. म्हणून ते बसतच नसत. सहा वेळा खा म्हटलं तर सहा वेळा लाज. घरचे आग्रह करत, तेव्हा तर तोंडच मिटत. आयुष्यभर दुसऱ्यांना केलेला आग्रह आता चहूकडून त्यांच्यावर येत होता.

मी वहिनींना म्हटलं, ‘मोठं ताट बंद करा. बशीत वाढा. तेवढंच वाढा जेवढं संपेल. संपलं की पान पूर्ण झालं.’ वहिनींनी दुसऱ्या दिवसापासून केळीचं पान कापून बशीच्या मापाचं केलं. त्यावर तळहाताएवढा भात, बोंबलाचा एक तुकडा, चमचाभर डाळ. जनूभाऊ ते पान शेवटच्या शितापर्यंत संपवत आणि उलटं दुमडत. दिवसातून सहा पंगती. पद्माकरभाऊंना मी एकच काम दिलं होतं: कुणी ‘अजून घ्या’ म्हणालं तर त्याला ओटीवरून खाली उतरवायचं. पहिल्या आठवड्यात त्यांनी आत्यांना दोनदा उतरवलं.

पुढच्या वजनाला ते आले तेव्हा काट्यावर चढायच्या आधी त्यांनी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. वजन टिकलं होतं. थोडंसं वाढलंही होतं. डॉक्टरांनी किमो सुरू केली. ती सोपी नव्हती. हातापायांना मुंग्या, तोंडात फोड, एकदा ताप येऊन भरती व्हावं लागलं. सलाइन चालू असताना मी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याशेजारी वाचत बसे. ते म्हणत, ‘मनात काय वाचता, मोठ्यानं वाचा.’ मी वाचे. त्यांना झोप लागे, आणि पुढच्या वेळी खुर्चीत टेकता टेकता ते विचारत, ‘मंग त्या मानसाचं काय झालं?’ सगळ्या किमो पूर्ण झाल्या तेव्हा ती कादंबरी संपली नव्हती. उरलेली ऐकायला ते नुसतेच येऊ लागले.

त्यानंतर ते बरीच वर्षं जगले. महिन्यामहिन्याला जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, वेळोवेळी तपासण्या, आणि सहा छोटी पानं. माझ्याकडे जठर काढलेला नवा रुग्ण आला आणि तो खुर्चीत कोसळल्यासारखा बसला की मी जनूभाऊंना फोन करी. ते सोनचाफ्याची पुडी घेऊन येत, ती माझ्या टेबलावर ठेवत आणि त्या माणसाला विचारत, ‘काडलं का तुमचंबी? बरं झालं. लई खात व्हतो आपन.’ उपदेश नाही, धीर नाही. मग पाणी मागाहून का प्यायचं, हे कुंडी आणि पाटाच्या भाषेत सांगत. माझ्यापेक्षा त्यांचं ऐकलं जाई.

पद्माकरभाऊंच्या मुलीच्या लग्नात मी गेले होते. जनूभाऊ पुन्हा वाढायला उभे होते, हातात भाताची परात. माझ्या पानाशी आले, वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘अर्धी मूद वाढू?’ शेजारचे गृहस्थ म्हणाले, ‘काय जनूभाऊ, आग्रह संपला का?’ ते म्हणाले, ‘मागाल तेवडं देतो. न मागता द्यायचं सोडलंय.’ त्यांचं स्वतःचं पान वहिनींनी आतल्या खोलीत मांडलं होतं, बशीएवढं.

एकच गोष्ट त्यांनी कधी सोडली नाही. दर वर्षी वाडीत सुकेळी व्हायची, सोपटात बांधली जायची, आणि तपासणीला आले की ते मला विचारायचे, ‘बाई, आता तरी एक?’ मी म्हणे, ‘जेवणानंतर, नखाएवढा तुकडा.’ ते म्हणत, ‘नखाएवडी काय खायची, ती काय गोळी हाय?’ आणि खात नसत. निवृत्त झाल्यावरही भेटले की आमचं हे बोलणं होई. बेताबेताने दिली असती तर त्यांना थोडीशी सोसली असती, हे मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही. पण त्यांना पूर्ण हवी होती, नाहीतर नको होती.

चैत्रात, दुपारी जेवण करून पडले असताना, ते गेले. हृदय थांबलं. त्या आजाराशी त्याचा काही संबंध नव्हता. पद्माकरभाऊंनी फोनवर मला हे दोनदा सांगितलं, जणू माझी त्याबद्दल काही तक्रार असेल.

बाराव्या दिवशी मला बोलावलं होतं. अंगणात, विहिरीच्या कठड्याजवळ जागा सारवलेली होती. गेलेल्या माणसासाठी पान वाढायचं होतं, त्याच्या आवडीचं सगळं. पद्माकरभाऊ वाढत होते, आणि त्या घराण्याला शोभेल असं वाढत होते. भाताचा डोंगर, त्यावर वरण, वडे, अळूची भाजी, खीर, केळीची भाजी, पुन्हा वडे. पान अख्खं, शेंड्याचं. शेजारी पाण्याने भरलेला तांब्या.

सुमतीवहिनी दाराच्या चौकटीला टेकून बसल्या होत्या.  पान उचलायची वेळ झाली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘पद्माकरभाऊ, एवडं नको. एवडं येकदम सोसायचं नाय त्यांना.’

 आत्या आता फार थकल्या होत्या; त्यांनी वहिनींच्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘पोरी, आता कसला आजार त्याला? आता सगळं सोसतं.’

वहिनींनी मान हलवली. त्या माझ्याकडे बघत होत्या. ‘बाई, तुमी सांगा ना.’

अंगणातली सगळी माणसं माझ्याकडे वळली. या माणसाला आता शरीर नाही, हे मलाही कळत होतं. पण इतकी वर्षं दिवसातून सहा वेळा जिने मापून वाढलं होतं, ती मला माझ्या कामातला प्रश्न विचारत होती. मला दुसरं उत्तर देता आलं नाही.

‘अर्धं काढून घ्या,’ मी म्हटलं. ‘उरलेलं दोन तासांनी वाढू.’

पद्माकरभाऊंनी डाव घेतला आणि भात काढला. वडे काढले. खीर पूर्ण काढली. केळीचं पान मोकळं दिसू लागलं. वहिनी उठल्या, आत गेल्या आणि सोपटात बांधलेली एक जुडी घेऊन आल्या. गाठ सोडून त्यांनी एक सुकेळी हातात घेतली आणि पानाशी थांबल्या.

‘आनि ही?’

मी नखाएवढी म्हणणार होते. तोंडाशी आलं होतं.

‘पूर्ण द्या,’ मी म्हटलं. ‘पण शेवटी. आणि पाणी मागाहून.’

वहिनींनी ती पानाच्या टोकाला, सगळ्यांच्या पलीकडे ठेवली. पद्माकरभाऊ खाली वाकले, पानाशेजारचा तांब्या उचलला, आणि विहिरीच्या कठड्यावर नेऊन ठेवला.